थोडंफार काम केलंय

"काका, कसा वाटतो हा बेस?" त्या मुलाने विचारलं आणि मी म्हणालो, "छान वाजतो." दोनच शब्द, आणि दोन्ही खरे. तरी प्रदर्शनातून परतल्यापासून ते नखात गेलेल्या कुसळासारखे बोचतायत. दिसत काहीच नाही, पण हात कशालाही लागला की कळ येते.

वाद्यांच्या त्या प्रदर्शनात एका टोकाला जुन्या बेस गिटारींचं टेबल होतं. तिथे एका स्टँडवर सनबर्स्ट रंगाचा जॅझ बेस उभा होता आणि त्याच्या हेडस्टॉकला, म्हणजे टोकाच्या खुंट्यांच्या फळीला, दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं होतं: सत्तरच्या दशकातला, संपूर्ण मूळ स्थितीत, काहीही बदललेलं नाही. रंगावरून मी तो ओळखला नसता, सनबर्स्ट पैशाला पासरी दिसतात. ओळखला तो वरच्या शिंगावर उडालेल्या चंद्रकोरीएवढ्या टवक्यावरून. तो टवका कसा उडाला ते मला माहीत आहे, कारण अँपच्या कोपऱ्यावर तो बेस माझ्याच हातून आपटला होता. खाली ई तारेच्या खुंटीचा कान किंचित वाकडा, तोही तसाच. अकरा वर्षं हा बेस माझ्याकडे होता. आणि त्या तपकिरी ठिपक्यांच्या पिकगार्डखाली, म्हणजे पोटावरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली, नेकच्या (दांड्याच्या) बुडाशी, साबणाच्या वडीएवढा एक खड्डा आहे हे त्या अख्ख्या दालनात बहुधा मला एकट्यालाच माहीत होतं. खड्डा मीच कोरला, आणि पुढे लाकडाचा तुकडा बसवून मीच बुजवला.

तो मुलगा बराच वेळ वाजवत होता. वीस-बावीसचा असेल. मग म्हणाला, "तुम्ही वाजवता ना? जरा वाजवा, मला लांबून ऐकायचाय." मी पट्टा खांद्यावर घेतला आणि खांद्याने वजन ओळखलं. बोटं चालायला लागली. जी तारेच्या पाचव्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या पाचव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, आल्यावर डावा हात, मला न विचारता, तो फ्रेट टाळून खालच्या तारेवर उतरला. इतकी वर्षं झाली, पण हात काही विसरला नव्हता. बेस परत देताना त्याने तो प्रश्न विचारला.

छान वाजतो.

बेस वाजवणाऱ्यांची जात जरा विचित्र असते. गायकाचा सूर लागला नाही तर सगळ्यांना कळतं, ड्रमरचा ठोका चुकला तर मांडीवर ताल धरणाराही थबकतो. बेसवाला थांबला तर लोक म्हणतात, काहीतरी गेल्यासारखं वाटतंय, आणि दिव्यांकडे बघायला लागतात. आमची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला एक्केचाळीस कंपनं होतात आणि त्या लाटेची लांबी भरते सुमारे 8 मीटर. म्हणजे लहान खोलीत ती पुरती मावतही नाही. एका कोपऱ्यात उभं राहिलं तर छाती भरून येते, चार पावलं सरकलं तर तोच सूर नाहीसा होतो. फोनच्या स्पीकरमधून तर तो खालचा सूर बाहेरच पडत नाही. त्याच्यावरचे स्वरांश तेवढे ऐकू येतात आणि खालचा सूर कान स्वतःच्या पदरचा घालून घेतो. तेव्हा बहुतेक लोक बहुतेक वेळा बेस ऐकतच नसतात, तो आहे असं धरून चालतात. अशा माणसाला वाद्याशी खेळत बसायला मोकळीक फार. कुणाचं लक्ष नाही म्हटल्यावर आम्ही पेचकस घेऊन बसतो.

हे वाद्य जन्माला आलं तेच मुळी पेचकस हातात असलेल्या माणसाच्या हातून. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, आणि मला वाटतं हे त्याच्या पथ्यावरच पडलं. वाद्य कसं असायला हवं याबद्दल त्याची काही श्रद्धा नव्हती, गिऱ्हाइकाची तक्रार तेवढी ऐकू यायची. डबल बेस वाजवणारे माणसाएवढं लाकूड गाडीच्या टपावर बांधून न्यायचे आणि मंचावर ट्रंपेटच्या गोंगाटात ते कुणालाच ऐकू जायचं नाही. 1951 मध्ये त्याने गळ्यात अडकवता येईल असा, 34 इंच तारेचा, फ्रेट असलेला विजेवरचा बेस काढला. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन. आणि पठ्ठ्या तिथे थांबला नाही. 1957 मध्ये त्याच बेसचं पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत उतरवणारा भाग, दोन तुकड्यांत चिरून मागेपुढे बसवलं, 1960 मध्ये निमुळत्या नेकचा, दोन पिकअपचा जॅझ बेस आणला. वाद्य बाजारात गेलं म्हणून त्याच्या लेखी काम संपलं नव्हतं. आज ज्या 'मूळ स्थिती'ची पूजा चालते ती म्हणजे त्या माणसाच्या टेबलावर एका ठरावीक साली अर्धवट राहिलेलं काम.

माझी सुरुवात तारांपासून झाली. नव्या तारांना जी चमक असते, पितळी भांडं घासल्यावर येते तशी, ती दोन-तीन आठवड्यांत जाते, कारण बोटांचं तेल आणि मळ वेटोळ्यांच्या खाचांत जाऊन बसतो. कुणीतरी सांगितलं की तारा पाण्यात उकळल्या की पुन्हा बोलायला लागतात. मी पातेल्यात चार तारांची भेंडोळी टाकून गॅसवर ठेवली. घरातून "झाला का काढा?" अशी चौकशी झाली. पाण्यावर करडा तवंग आला, लोखंडासारखा वास सुटला, आणि पुसून, वाळवून चढवल्यावर तारा खरंच खणखणीत वाजल्या. चार दिवस. पाचव्या दिवशी पुन्हा मेल्या. पुढे कळलं की स्पिरिटमध्ये बुडवून ठेवणं जास्त बरं, पण त्या चार दिवसांनी माझं डोकं कायमचं फिरवलं होतं. आवाज आपल्या हाताने बदलता येतो हे एकदा कळलं की माणूस वाद्य वाजवायला बसत नाही, उघडायला बसतो.

मग मी उघडतच गेलो. आधी गुणगुण घालवायची होती. जॅझ बेसच्या दोन पिकअपची वेटोळी एकमेकांच्या उलट गुंडाळलेली असतात, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडी असली की विजेची घरघर एकमेकींना मारते. एकाचा आवाज जरा उतरवला की ती परत येते, जणू दाराआड उभीच होती. त्यावर उपाय म्हणून पोटातली पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने आतून मढवायची. त्या पट्टीच्या कडा ब्लेडसारख्या असतात. दहापैकी सहा बोटं कापून घेतली, आणि आतून लखलखणारी ती पोकळी बघून असं वाटलं की आता यावर झाकण लावणं म्हणजे गुन्हा आहे. घरघर निम्मी झाली. उरलेल्या निम्मीची मग सवय झाली.

सोल्डरिंगचा वास ज्याला एकदा आवडला त्याचं काही खरं नसतं. राळेचा पांढरा धूर वर येतो, शिशाचा थेंब क्षणभर आरशासारखा चमकतो, मग गोठताना त्यावर साय धरते. या क्षणासाठी मी विनाकारण वायर बदलल्या आहेत. टोनच्या खुंटीवरचा, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणाऱ्या बटणावरचा, कपॅसिटर बदलला. क्षमता तीच, 0.047 मायक्रोफॅरड, फक्त साध्या सिरॅमिकच्या जागी तेलात भिजवलेल्या कागदाचा, जुन्या पद्धतीचा, करंगळीएवढा जाड. त्याने आवाजात 'मध' उतरतो असं मी वाचलं होतं. लावला आणि उतरला. आठवडाभर मी सगळ्यांना तो मध ऐकवत होतो. मग लक्षात आलं की मी टोनची खुंटी कायम पूर्ण उघडी ठेवतो, आणि तशी ठेवल्यावर कपॅसिटरला फारसं काही करायला उरतच नाही. माझं आजचं मत स्पष्ट आहे: सारख्याच क्षमतेचे दोन कपॅसिटर डोळ्यांनी वेगळे ऐकू येतात, कानांनी नाही. हे मत बनायला मला सात कपॅसिटर लागले.

पुढची पायरी बॅटरीची. बेसच्या पोटात छोटं सर्किट बसवलं की नुसता आवाज कापता येतो असं नाही, वाढवताही येतो. बेस घडवणाऱ्या अलेम्बिकच्या मंडळींनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे केलं, 1976 मध्ये म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बेसबरोबर ते कारखान्यातूनच घडून यायला लागलं. बेसवादक मार्कस मिलरचा 1977 चा जॅझ बेस रॉजर सॅडोव्स्की या कारागिराने सर्किट घालून दिलेला, आणि तो आवाज कानात बसला की स्वतःचा बेस गोणपाटात गुंडाळल्यासारखा वाटायला लागतो. मीही घातलं. खालचा आवाज फुगला, वरचा काचेसारखा झाला, मी हरखलो. मग एके दिवशी मंचावर, गाणं अर्ध्यात आलेलं, आणि आवाज आधी फाटला, मग चिरकला, मग गेला. केबल रात्रभर तशीच खोचलेली राहिली होती. केबल खोचलेली असेपर्यंत सर्किट चालूच राहतं, आणि बॅटरी गाणं ऐकत नाही, तिचं तिचं संपत असते. बाकीचं गाणं मी नुसती बोटं हलवत उभा होतो. नंतर कुणीही काही म्हणालं नाही, आणि त्या न म्हणण्याचं दुःख बॅटरीपेक्षा मोठं होतं.

आणि मग तो खड्डा. बिली शीहान या बेसवादकाने आपल्या प्रिसिजन बेसच्या नेकपाशी गिब्सनच्या बेसचं ते भलंमोठं पिकअप बसवलं होतं, ज्याला सगळे प्रेमाने 'मडबकर' म्हणतात, कारण त्याचा आवाज चिखलासारखा असतो, गडद, जड, पाय रुतवणारा. मला तो चिखल हवा होता. का, ते आज सांगता येणार नाही. ओळखीतून लाकूड कोरायचा राउटर मिळवला. तीस वर्षांच्या लाकडावर पातं टेकवताना हात थरथरला का, असं कुणी विचारलं तर सांगतो, नाही थरथरला. उलट एक हिंस्र आनंद झाला. भुसा उडाला तो गोडसर, जुन्या कपाटाच्या तळासारख्या वासाचा, आणि रंगाचा थर फुटल्यावर आतून फिकट, कोवळं लाकूड दिसलं, जे बेस बनला त्या दिवसापासून कुणी पाहिलेलं नव्हतं. ते बघताना मात्र पोटात खड्डा पडला. पिकअप बसवलं, वर दुसरं पिकगार्ड कापून लावलं, मूळचं पिकगार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवलं. हे आमच्यातले सगळे करतात. वाद्याची चाळण करतील, पण काढलेला एकेक स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी लावून ठेवतील. परतीचं तिकीट काढून ठेवल्याशिवाय आम्हाला जाता येत नाही.

चिखल मला वर्षभर पुरला.

ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ती गोष्ट मात्र शेवटपर्यंत जागची हलली नाही. जी तारेवर पाचवा फ्रेट, सूर सी. त्या बेसवर हा सूर जन्मतःच अशक्त होता. शेजारचे सूर वाजले की घंटेसारखे रेंगाळायचे, हा मात्र वाजायचा आणि लगेच विझायचा, कुणी ओल्या बोटांनी वात चिमटल्यासारखा. बेसवाल्यांच्या बोलीत याला डेड स्पॉट म्हणतात आणि लांब, सडपातळ नेकच्या बेसमध्ये तो बहुतेक याच वस्तीत सापडतो. कारण सरळ आहे: नेक ही पण एक पट्टी आहे, तिलाही स्वतःचं कंपन आहे, आणि एखाद्या सुराचं कंपन त्याच्याशी जुळलं की तारेची ताकद नेकच ओढून घेते. सूर मरत नाही, लाकडात जातो. तो सूर वाजवताना हेडस्टॉकवर तळवा ठेवला तर तिथे थरथर लागते. सगळा सूर तिथे असतो, फक्त ऐकणाऱ्यापर्यंत येत नाही.

मी तारा बदलल्या, नेकच्या आतली सळई, ट्रस रॉड, पाव-पाव फेऱ्याने आवळली आणि सैल केली, नेकच्या खाली खेळायचा पत्ता घातला, पिकअप वर-खाली केलं. शेवटी एका जाणत्याने सांगितलं की हेडस्टॉकला वजन लाव. सुतारकामाचा छोटा सी-क्लॅम्प होता तो फडकं घालून आवळला. तार छेडली आणि विश्वास बसेना: सी गात होता, स्वच्छ, लांब. मी अर्धा तास तोच एक सूर वाजवत बसलो. मग सवयीने एक फ्रेट मागे गेलो, आणि चौथ्यावरचा बी वाजला आणि विझला. वजनाने नेकचं कंपन खाली उतरलं होतं, त्याच्याबरोबर मेलेला सूरही एक घर खाली राहायला गेला होता. क्लॅम्प काढला. निदान पाचव्या घराची ओळख जुनी होती. तेव्हापासून सी हवा असेल तर मी डी तारेच्या दहाव्या फ्रेटवर जायला लागलो. सूर तोच, तार जाड, आवाज जरा गुबगुबीत. त्या वळशामुळे माझ्या वाजवण्यात काही ठरावीक वळणं आली. बरोबरचे म्हणायचे, हे तुझं खास आहे. मी काही बोलायचो नाही. काही न बोलण्याची माझी सवय जुनी आहे तर.

आता 'मूळ'बद्दल. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवणाऱ्या जेम्स जॅमर्सनचा 1962 चा प्रिसिजन घ्या. चपट्या वेटोळ्यांच्या तारा, त्या तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत अशी त्याची रीत, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा कोंबलेला, आणि तर्जनी हे एकच बोट. मोटाउनच्या कितीतरी गाण्यांचा पाया त्या एका बोटाने आणि त्या फोमच्या तुकड्याने घातला. तो फोम 'मूळ' होता का? आज तो बेस कुणाला सापडला, तर पहिल्यांदा कुणी तो फोम उपटून टाकेल का? 1983 मध्ये जॅमर्सनच्या मृत्यूच्या काही दिवस आधी तो बेस चोरीला गेला, त्यामुळे हा प्रश्न नुसताच राहिला. जॅको पास्टोरियस या बेसवादकाने तर आपल्या 1962 च्या जॅझ बेसचे फ्रेटच उपटले, खाचा लाकडाच्या लुकणाने भरल्या आणि बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचे थर चढवले. त्या कडक पृष्ठभागावरून तार जे गुणगुणायची ते ऐकून बेसवाल्यांची एक अख्खी पिढी आपल्या वाद्यांचे फ्रेट काढत सुटली. तोही बेस 1986 मध्ये चोरीला गेला, वीसेक वर्षांनी सापडला आणि मेटॅलिका बँडच्या रॉबर्ट त्रुहिलोच्या मदतीने घरच्यांकडे परत आला. 'द हू' बँडच्या जॉन एंटविसलने मोडक्या बेसांच्या अवयवांतून एक जोडून काढला आणि त्याला सरळ फ्रँकेन्स्टाइन म्हटलं. म्हणजे ज्यांची वाद्यं आम्ही देव्हाऱ्यात ठेवतो त्यांतलं एकही त्या कार्डावरच्या वाक्यात बसत नाही.

हा युक्तिवाद मला फार आवडतो. परतीच्या वाटेवर मी तो स्वतःला तीनदा ऐकवला. पण जॅकोने खाचा भरल्या त्या दिसत होत्या. माझा खड्डा पिकगार्डखाली होता.

प्रदर्शनात जायची माझी कारणं दर वर्षी बदलतात, पायांची दुखणी तीच. अमेरिकेत अनाहाइमला भरणाऱ्या, नॅम नावाच्या वाद्यांच्या मेळ्यात म्हणे आवाजाची पातळी मोजत माणसं फिरतात. इथे तसं कुणी नव्हतं. दोनशे माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात न परवडणारा बेस, आणि प्रत्येक जण अंगठ्याने तार बडवतोय. लॅरी ग्रॅहम या बेसवादकाने हे बडवणं सुरू केलं ते आईच्या बँडमध्ये ड्रमर उरला नाही म्हणून, अंगठ्याने ढोल आणि बोटाने स्नेअर भरून काढायला. इथे तर ड्रमर बाजूच्याच दालनात होते. पण बेस हातात देऊन "वाजवा" म्हटलं की भलाभला माणूसही आपली संथ, गहिरी वाजवणी विसरतो आणि टणाटण सुरू करतो, कारण त्या कोलाहलात खालचे सूर ऐकूच येत नाहीत. बेसच्या प्रदर्शनात बेस ऐकू येत नाही ही गंमत मला कधीच जुनी वाटत नाही. एका बाजूला 1969 सालचा नमुना मिरवणारा अँपेगचा 300 वॅटचा अँप होता, खाली आठ स्पीकरचा फ्रिजएवढा खोका, आणि त्याच्यासमोर उभे राहून दोन म्हातारे आपापल्या कमरेबद्दल बोलत होते. शेजारी पुस्तकाएवढा, हातात झेलता येईल असा नवा अँप त्याहून जास्त वॅट सांगत होता. त्याच्याकडे बघून ते दोघं नुसते हसले. पलीकडे मुद्दाम झिजवलेले नवे बेस मांडलेले, कोपरापाशी रंग घासलेला, स्क्रू गंजवलेले. 1995 पासून फेंडर अशी झिजवलेली वाद्यं विकतंय, बाकीचेही विकतात, आणि ते तसे आहेत हे छापून विकतात. त्या खोट्या ओरखड्यांवरून मी हात फिरवला. गुळगुळीत होते. माझ्या बेसच्या टवक्याची कड मात्र अजून बोटाला लागत होती.

मी तो विकला तेव्हा सगळं जागच्या जागी नेऊन ठेवलं. सर्किट काढलं, खुंट्यांखालचे मूळचे विजेचे भाग, म्हणजे पॉट, परत डागले, मूळचं पिकगार्ड वर्तमानपत्रातून काढून बसवलं. खड्ड्यासाठी लाकूड निवडताना रेषा जुळतील असा तुकडा शोधला, तो तासून, गोंद लावून, रात्रभर शिकंज्यात धरून ठेवला. कुणालाही दिसणार नव्हतं तरी वरून रंग मारला. का मारला? तेव्हा स्वतःला सांगितलं की नीटनेटकं काम करावं. रंग मारलेल्या, कोरलेल्या जुन्या वाद्याची किंमत निम्म्यावर येते हे त्या वेळी मला माहीत नव्हतं असं नाही. घेणाऱ्याने फोनवर विचारलं, काही बदल केलेत का. मी म्हणालो, "थोडंफार काम केलंय." तो म्हणाला, "ते चालायचंच." बस. 'थोडंफार' हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात साबणाची वडी आरामात मावते. मग त्याने तो पुढच्याला विकताना 'किरकोळ' म्हटलं असेल, पुढच्याने काहीच म्हटलं नसेल, आणि टेबलामागच्या त्या माणसाने पिकगार्ड बघितलं, पॉटच्या पाठीवर छापलेल्या आकड्यांतून साल आणि आठवडा काढला, सगळं जुळलं, आणि मनापासून लिहिलं असेल: काहीही बदललेलं नाही. त्याच्यावर रागवायला मला जागाच नाही. पॉटवरचे डाग जरा जास्तच चकचकीत होते हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं, एवढंच.

मग मी बोललो का नाही? तिथे उभा असताना कारणं भराभर सुचत होती. मुलाला वाजवायला हवाय, तिजोरीत ठेवायला नाही. लाकडाच्या त्या तुकड्याने आवाजात तसूभर फरक पडत नाही. टेबलामागचा माणूस सगळ्यांसमोर खोटा पडला असता. सगळी कारणं ठीक आहेत. पण खरं सांगायचं तर तो बेस त्या उजेडात, त्या कार्डासकट, फार देखणा दिसत होता, आणि माझं काम इतकं बेमालूम झालंय याचा मला आनंद झाला होता. लपवाछपवीत त्या आनंदाचा वाटा किती, हे मी अजून नीट मोजलेलं नाही. आणि "पिकगार्ड काढून बघा" असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत.

प्रदर्शन संपायच्या शेवटच्या तासाला एका छोट्या मंचावर कुणीही चढून वाजवावं अशी रीत होती. एक ड्रमर, एक कीबोर्डवाला, दोन गिटारवाले आळीपाळीने. मी निघण्याच्या बेतात, पाठीवर पिशवी, आणि तो मुलगा मंचावर चढला. गळ्यात तोच बेस. पैसे देऊन झाले होते की नुसताच मागून घेतला होता कळायला मार्ग नव्हता, पण हेडस्टॉकवरचं कार्ड सुटलेलं होतं आणि दोऱ्याचं एक टोक खुंटीला लोंबत होतं. त्यांनी काहीतरी संथ धरलं. दर आठ मात्रांनी एक लांब सी येत होता, त्यावर बाकीचे विसावत होते. पहिल्यांदा त्याचा हात जी तारेच्या पाचव्या फ्रेटवर गेला आणि सूर विझला. त्याने खाली बघितलं, बोट जरा घट्ट दाबलं, उपयोग झाला नाही. कीबोर्डवाल्याने ती जागा भरून काढली. दुसऱ्यांदा पुन्हा तिथेच, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी श्वास धरून उभा होतो. त्याचा हात नेकवरून सरकला, न बघता, डी तारेच्या दहाव्या फ्रेटवर. सूर लागला, गुबगुबीत, आणि राहिला. ड्रमरने मान डोलावली.

चौथ्यांदा तो थेट तिथेच गेला. मग त्याने मान वर केली आणि गर्दीत कुणाला तरी शोधल्यासारखं बघितलं. मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मागे सरकलो.